९५ अंश, पण वेग किती?

डिचोलीहून एका वाचक ताईंचे पत्र आले आहे. पत्र लांब आहे, म्हणून त्यातला कामापुरता भाग इथे देतो.

«नमस्कार सर. आम्ही नवरा-बायको लग्नांचे व्हिडिओ करतो. शूटिंग ते करतात, एडिटिंग मी. जुनी मशीन दमली म्हणून मे महिन्यात नवीन डेस्कटॉप घेतला. सुटे भाग म्हापशातून आणले. धाकटा भाऊ फर्मागुडीला इंजिनिअरिंगला आहे, त्याने आणि मी मिळून घरीच असेंबल केले. प्रोसेसर रायझन ७ ७७००एक्स, त्यावर एका पंख्याचा टॉवर कूलर. मशीन पहिल्याच दिवशी चालू झाली. पण काही काम नसतानासुद्धा तापमान ५७ दाखवते. एक्स्पोर्टला (तयार व्हिडिओची फाइल काढायला) लावले की दोन-तीन सेकंदांत ९५, आणि मग तिथेच. भावाने एचडब्ल्यूइन्फो (तापमान, वॅट, वेग दाखवणारा प्रोग्राम) चालवून सगळे लिहून ठेवले आहे: खोली ३३ अंश. रिकामी असताना प्रोसेसर ३० वॅट, ५७ अंश. भर कामात ७८ वॅट, ९५ अंश, वेग ४.२ गिगाहर्ट्झ. पंखा जोरात फिरतो. कॅबिनेटचे झाकण काढून टेबलफॅन लावला, तरी काही फरक नाही. भाऊ म्हणतो, कंपनीनेच ९५ ला परवानगी दिली आहे, काळजी करू नको. दुकानदार म्हणतो, लिक्विड कूलर घ्या, नाहीतर प्रोसेसर जळेल. सासरे म्हणतात, मशीन परत करा. मी कोणाचे ऐकू? सुरक्षित आकडा नेमका कोणता?»

ताई, सर्वप्रथम तुमच्या भावाला माझी शाबासकी सांगा. तापमान विचारणारी पत्रे मला नेहमी येतात, पण त्यात एकच आकडा असतो. खोलीचे तापमान, वॅट आणि वेग असे सगळे एका कागदावर लिहून पाठवणारे क्वचित भेटतात. त्या कागदामुळेच तुमच्या मशीनला न बघता, इथे फोंड्यात बसून मी तुम्हाला बऱ्याच खात्रीने सांगू शकतो: प्रोसेसर धड आहे, तो जळणार नाही, लिक्विड कूलरची गरज नाही. मात्र कूलर नीट बसलेला नाही आणि तो काढून पुन्हा बसवावा लागेल. हे एका संध्याकाळचे काम आहे.

असे का म्हणतो ते सविस्तर सांगतो; कारण कळले नाही तर पुढच्या उन्हाळ्यात हीच भीती पुन्हा वर येईल.

भावाचे म्हणणे खरे आहे. रायझन ७००० ही मालिका २०२२ मध्ये आली तेव्हाच एएमडीने स्पष्ट केले होते, की भरपूर काम दिले तर हे प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत जाणार आणि तिथे राहून काम करणार. तशीच त्यांची रचना आहे. कारण सोपे आहे. ज्या तुकड्यावर तुमचे आठही कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आहेत, तो ५ नॅनोमीटर तंत्राने केलेला सिलिकॉनचा तुकडा साधारण ७० चौरस मिलिमीटरचा आहे, म्हणजे करंगळीच्या नखाहून फार मोठा नाही. एवढ्याशा जागेतून शंभराच्या वर वॅट बाहेर काढायचे. त्यात वरचे धातूचे झाकण जाड ठेवले आहे, जुन्या एएम४ सॉकेटचे (मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो त्या खाचेचे) बरेचसे कूलर नव्या एएम५ वरही बसावेत म्हणून. उष्णता आत साचते ती कूलर वाईट आहे म्हणूनच असे नाही. तिला बाहेर पडायची वाटच अरुंद आहे. म्हणून हे प्रोसेसर काम मिळताच एका क्षणात पंधरा-वीस अंश वर उडी मारतात आणि काम संपताच तेवढ्याच वेगाने खाली येतात. जुन्या मशीनवर वाढलेल्या माणसाला ते पाहून धडकी भरते, पण ते त्यांचे चालणेच आहे.

सासऱ्यांची भीतीही हवेतून आलेली नाही. २००१ च्या सुमाराला एएमडीचे ॲथलॉन प्रोसेसर होते, त्यांच्यावरचा कूलर चालू मशीनवर निघाला तर चिप काही क्षणांत जळून जायची. ज्यांनी त्या काळात संगणक घेतला त्यांच्या मनात ‘तापला म्हणजे गेला’ हे पक्के बसले आहे. आजच्या प्रोसेसरमध्ये मात्र तापमान मोजणारे संवेदक चिपच्या आतच अनेक ठिकाणी बसवलेले असतात. मर्यादा गाठली की प्रोसेसर आपला वेग आणि वीज आपणच कमी करतो. तेवढ्याने भागले नाही तर मशीन स्वतःहून बंद होते. तापून ‘जळणे’ ही गोष्ट आता फार दुर्मीळ झाली आहे.

मग भाऊ म्हणतो तसे निर्धास्त राहायचे का? इथे मी त्याच्याशी सहमत नाही. ९५ हा आकडा दोन अगदी वेगळ्या मशीनवर दिसू शकतो. एक मशीन १४० वॅट वीज घेत, ५ गिगाहर्ट्झच्या आसपास धावत ९५ वर आहे. ती निरोगी आहे, ताकदीने धावते आहे आणि घामाघूम झाली आहे. दुसरी मशीन ७८ वॅटवरच ९५ ला पोचली आणि श्वास पुरेना म्हणून ४.२ वर उतरली. आकडा तोच, पण ही आजारी आहे. तुमच्या ७७००एक्सचा मूळ वेग ४.५ गिगाहर्ट्झ आहे आणि कमाल ५.४. मूळ वेग म्हणजे साधारण कूलर असला तरी प्रोसेसरने दिलाच पाहिजे असा वेग. तुमची मशीन त्याच्याही खाली गेली आहे. याचा अर्थ तुम्ही पैसे मोजले एका प्रोसेसरचे आणि काम घेता त्याच्याहून हलक्याकडून. एक्स्पोर्टला लागणारा जादा वेळ तुम्ही रोज रात्री जागून भरता आहात, हे मला जास्त टोचते.

आता तुमच्या भावाच्या कागदावरून केलेले गणित दाखवतो. प्रोसेसरच्या तापमानातून खोलीचे तापमान वजा करायचे आणि उरलेल्याला वॅटने भागायचे. भर कामात ९५ वजा ३३ म्हणजे ६२. भागिले ७८, आले सुमारे ०.८. रिकामी असताना ५७ वजा ३३ म्हणजे २४. भागिले ३०, पुन्हा ०.८. दोन्ही वेळा उत्तर एकच! म्हणजे दर वॅटमागे तुमचा प्रोसेसर खोलीपेक्षा ०.८ अंश वर चढतो. अशा प्रोसेसरवर चांगला बसवलेला एका टॉवरचा कूलर असेल तर हे उत्तर साधारण ०.४ ते ०.५ यायला हवे. दुप्पट अडथळा आहे, आणि तो काम कमी असो वा जास्त, सारखाच आहे. प्रोसेसर जास्त वीज खातोय म्हणून तापतोय असे असते तर वॅट वाढलेले दिसले असते. इथे तर वॅट निम्म्यावर आले आहेत.

अडथळा नेमका कुठे, हेही तुम्हीच शोधून ठेवले आहे. झाकण काढून टेबलफॅन लावला तरी फरक पडला नाही. कॅबिनेटमध्ये गरम हवा कोंडत असती तर झाकण उघडल्यावर वॅट आणि वेग लगेच वर गेले असते. (एक लक्षात ठेवा: मर्यादेला टेकलेल्या मशीनवर सुधारणा अंशांत दिसत नाही, आकडा ९५ च राहतो. सुधारणा दिसते ती वॅटमध्ये. ७८ चे १०० झाले तर समजायचे की फायदा झाला.) पंखा फिरतो आहे, हवा मोकळी आहे, तरी उष्णता कूलरच्या धातूच्या पात्यांपर्यंत नीट पोचत नाही. म्हणजे दोष प्रोसेसरचे झाकण आणि कूलरचा तळ यांच्यामध्ये आहे. हाताने तपासायचे तर एक्स्पोर्ट चालू असताना कूलरच्या पात्यांजवळ, पंख्यापासून दूर, बोट धरून बघा. प्रोसेसर ९५ दाखवतो आणि पाती जेमतेम कोमट लागतात, असे असेल तर शंकाच उरत नाही.

पहिल्यांदा असेंबल करताना इथे तीन चुका होतात. पहिली म्हणजे कूलरच्या तळाला चिकटवलेली पारदर्शक प्लॅस्टिकची फिल्म काढायची राहून जाते. ती इतकी स्वच्छ असते की तांब्याच्या चकाकीत दिसतच नाही. मीसुद्धा काही वर्षांपूर्वी एका शाळेची मशीन जोडताना ती तशीच ठेवली होती आणि दोन दिवस एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), बायोस (मदरबोर्डवरचे मूळ सॉफ्टवेअर), सगळे तपासत बसलो होतो. दुसरी चूक आधाराच्या खांबांची. कूलरच्या खोक्यात इंटेलसाठी आणि एएमडीसाठी वेगवेगळे खांब येतात, उंचीत मिलिमीटरचा फरक असतो. चुकीचे लागले तर स्क्रू शेवटपर्यंत पिळले जातात, वरून सगळे घट्ट वाटते आणि खाली मात्र कूलर धड टेकलेला नसतो. तिसरी, एका बाजूचा स्क्रू आधी पूर्ण आवळून मग दुसरा लावणे. कूलर तिरपा बसतो आणि पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावायचा उष्णता वाहणारा लेप) एका कडेला ढकलली जाते.

उघडायच्या आधी एक काम करा आणि त्यात चालढकल करू नका. मे महिन्यातल्या सगळ्या लग्नांचे मूळ फुटेज बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, आणि एक प्रत घराबाहेर, माहेरी किंवा बहिणीकडे ठेवा. कूलर काढताना ड्राइव्हला काही होत नाही, हे मला माहीत आहे. पण हात आत घालणार आहात आणि लग्न पुन्हा लागत नाही.

मग असे करा. मशीन दहा मिनिटे चालवून पेस्ट गरम होऊ द्या, थंड पेस्ट चिकटून बसते. नंतर शटडाउन, मागचा स्विच बंद, प्लग बाहेर, पॉवरचे बटण पाच सेकंद दाबून उरलेली वीज काढून टाका. कॅबिनेट आडवे झोपवा. स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे सैल करा. कूलर सरळ उपटू नका. डावी-उजवीकडे हलके फिरवून मग उचला. जुन्या एएम४ मध्ये प्रोसेसरच्या पिना सॉकेटमधून निघून कूलरसोबत वर यायच्या, ती धास्ती एएम५ मध्ये नाही. पिना मदरबोर्डवर आहेत आणि प्रोसेसर लोखंडी चौकटीखाली धरलेला आहे. ती चौकट मात्र उघडू नका, तिथे तुमचे काही काम नाही.

कूलर हातात आला की आधी तळ बघा, पुसू नका. पेस्टचा ठसा सगळी कहाणी सांगतो. मधोमध पातळ, पारदर्शक होत गेलेला थर आणि कडेला जाड, तर बसवणूक ठीक होती. एका बाजूला गोळा आणि दुसरी बाजू कोरी, तर तिरपे बसले होते. ठिपका दिला तसाच्या तसा असेल तर कूलर टेकलाच नव्हता. या ठशाचा फोटो काढून ठेवा, मला पाठवलात तर आवडेल.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने, न झडणाऱ्या कागदाने पुसा. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका. नवी पेस्ट मधोमध वाटाण्याएवढी आणि चार कोपऱ्यांकडे मुगाएवढे ठिपके. जास्त पडली तर दाबाने कडेला येते, तेवढ्याने बिघडत नाही. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक साध्या पेस्टमधून वीज वाहत नाही. पण द्रवरूप धातूची म्हणून जी पेस्ट मिळते तिच्या वाटेला जाऊ नका, ती वीज वाहते. खांब एएमडीचेच आहेत ना हे कूलरच्या कागदावरच्या चित्राशी ताडून पाहा. एएम५ वर मागची पट्टी मदरबोर्डची असते तीच वापरायची आणि वरचे दोन प्लॅस्टिकचे कंस काढायचे असतात, हे कित्येकांच्या लक्षात येत नाही. स्क्रू दोन-दोन फेरे इकडे, दोन-दोन फेरे तिकडे, थांबेपर्यंत. थांबला की थांबा. पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या पिनांवरच लावा, म्हणजे तापमानाप्रमाणे त्याचा वेग वाढेल.

मशीन चालू केल्यावर काय दिसायला हवे? खोली तशीच ३३ ची असेल तर रिकामी असताना ४५ ते ५० च्या मध्ये. सिनेबेंचसारखी चाचणी लावली तर ती पुन्हा ९५ ला टेकेल आणि तुम्ही म्हणाल, झाले काय? तेव्हा आकडा सोडून वॅट बघा. ७८ च्या जागी १३०-१४० आणि वेग ५ च्या आसपास दिसला की दुरुस्ती झाली. या प्रोसेसरला कंपनीने वीज घ्यायला १४२ वॅटची मुभा दिली आहे. आपल्या उकाड्यात एका पंख्याच्या टॉवरवर एवढी उष्णता टाकली की ९५ येणारच, ०.४५ गुणिले १४२ करून त्यात ३३ मिळवा. तुमच्या एक्स्पोर्टमध्ये बरेचसे काम ग्राफिक कार्ड करते, त्यामुळे रोजच्या कामात आकडा याहून बराच खाली राहील. सिनेबेंच किंवा प्राइम९५ मध्ये काय आले यावरून झोप उडवून घेऊ नका, रोजचे काम करताना काय येते तेच खरे.

इथे आपल्या हवेबद्दल सांगितलेच पाहिजे. इंटरनेटवर दिसणारे बहुतेक चाचण्यांचे आकडे थंड देशांतल्या, २०-२२ अंशांच्या खोलीतले असतात. कुठलाही हवेचा किंवा पाण्याचा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, तो फक्त दोघांतले अंतर कमी करतो. त्यामुळे तिकडे ८३ दिसला तर तीच मशीन, तोच कूलर, डिचोलीच्या स्लॅबखालच्या खोलीत मे महिन्याच्या दुपारी ९४-९५ दाखवणार. त्यात कोणाचीच चूक नाही. तिकडचे लोक ‘७० च्या वर गेले तर काळजी करा’ असे लिहितात आणि आपल्याकडची मुले ते वाचून नवीन कूलर घेतात. आपल्याकडे आधी १० ते १२ अंश मनातल्या मनात वजा करून मगच तुलना करावी.

लिक्विड कूलरचेही तेच. तो वाईट नाही, पण तुमच्या दुखण्यावरचे औषध नाही. त्याच तिरप्या स्क्रूंवर आणि त्याच फिल्मवर महागडा कूलर बसवला असता तरी हेच झाले असते. शिवाय त्यात एक पंप असतो. पंप गेला की मशीन अडून बसते, आणि ऐन सीझनमध्ये तो बदलून मिळेपर्यंत तुमचे काम अडते. टॉवरचा पंखा गेला तर जवळच्या दुकानातून नवा आणून अर्ध्या तासात लागतो. ज्याचे पोट मशीनवर आहे त्याला मी टॉवरच सांगेन.

मला विचाराल तर कूलर नीट बसवल्यावर बायोसमध्ये इको मोड लावा, ६५ वॅटचा. नाव ६५ चे असले तरी प्रत्यक्षात प्रोसेसर ८८ वॅटपर्यंत घेतो. गणित पुन्हा करा: ०.४५ गुणिले ८८ म्हणजे ४०, अधिक ३३, झाले ७३. ९५ वरून ७३! बदल्यात सगळ्या कोअरना जुंपणारे काम थोडे हळू होते. एएमडीने या मालिकेला शेवटच्या थोड्याशा वेगासाठी खूप जास्त वीज दिली आहे, ती काढून घेतली तर पंख्याचा आवाज उतरतो, खोली कमी तापते. मुले शेजारी झोपलेली असताना तुम्ही रात्री काम करता, त्यामुळे आवाजाचा हा फायदा तुम्हाला अंशांपेक्षाही जास्त जाणवेल. इको मोड नको असेल तर बायोसमध्ये तापमानाची मर्यादा ९५ ऐवजी ८५ करता येते, तेही चालेल.

बायोसचा विषय निघालाच आहे तर मदरबोर्डचे बायोस नवे आहे ना ते बघा. २०२३ च्या एप्रिल-मे मध्ये रायझन ७००० चे काही प्रोसेसर, विशेषतः एक्स३डी प्रकारचे, सॉकेटसकट जळाल्याचे प्रकार झाले होते. कारण होते मेमरीचे एक्स्पो प्रोफाइल (मेमरी जास्त वेगाने चालवायची तयार सेटिंग) लावल्यावर काही मदरबोर्ड देत असलेले जादा व्होल्टेज. कूलरचा त्यात संबंध नव्हता. त्यानंतर नव्या बायोसमधून ते व्होल्टेज १.३ व्होल्टवर बांधले गेले. तुमचा बोर्ड नुकताच घेतलेला असला तरी दुकानातल्या फळीवर किती दिवस होता कोण जाणे. अपडेट करताना यूपीएस हवाच. मिरग तोंडावर आहे, वीज कधी जाईल सांगता येत नाही, गडगडाट सुरू असताना हे काम काढू नका. आणि अपडेटनंतर पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन काही मिनिटे काळी राहू शकते, एएम५ मेमरीची घडी बसवत असते. घाबरून बटण दाबू नका.

इतर वाचकांसाठी तापमानाची मर्यादा सांगून ठेवतो, कारण प्रत्येक प्रोसेसरची वेगळी असते. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या, चौदाव्या पिढीतल्या डेस्कटॉप प्रोसेसरना १००, कोअर अल्ट्रा २०० मालिकेला १०५. रायझन ५ ५६००एक्स ला ९५, पण त्याच मालिकेतल्या ५८००एक्स ला ९०. रायझन ७ ७८००एक्स३डी ला ८९. शेजाऱ्याचा आकडा आपल्या मशीनला लावू नये. तेराव्या-चौदाव्या पिढीचे आय७, आय९ वापरणाऱ्यांनी बायोस अपडेट मुळीच टाळू नये. त्यातल्या व्होल्टेजच्या दोषावर इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची) दुरुस्ती दिली आहे.

प्रोसेसरपेक्षा मला कॅबिनेटमधल्या बाकीच्यांची काळजी जास्त वाटते. प्रोसेसर स्वतःला सांभाळतो. एनव्हीएमई ड्राइव्ह (फाइली साठवणारा वेगवान एसएसडी) ७०-८० अंशांच्या दरम्यान गेला की लिहिण्याचा वेग कमी करतो, आणि तुमचे फुटेज त्याच्यावरच आहे. एसएमपीएसमधले कपॅसिटर उकाड्यात लवकर म्हातारे होतात. म्हणून कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात असेल तर बाहेर काढा, भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. पुढचे पंखे हवा आत घेणारे, मागचा बाहेर टाकणारा. ज्या बाजूला पंख्याची आडवी जाळी-चौकट असते त्या बाजूने हवा बाहेर पडते.

आणि धूळ. डिचोलीत राहणाऱ्याला ती मी काय सांगणार! खनिजाच्या ट्रकांच्या वाटेवरची तांबडी धूळ पावसाच्या ओलीबरोबर कूलरच्या पात्यांत अशी बसते की ब्लोअरनेही हलत नाही. पावसाआधी एकदा आणि चवथीची साफसफाई काढाल तेव्हा एकदा, असे दोनदा कॅबिनेट उघडून ब्लोअर मारा. पंख्याचे पाते बोटाने धरून मारा, मोकळे सोडले तर भन्नाट फिरून त्याचे बेअरिंग जाते.

तुम्ही पत्राच्या शेवटी विचारले आहे, की खोलीत एसी लावला तर आत पाणी धरेल का. तुमच्या यजमानांना पावसाळ्यातला अनुभव असेल: एसी हॉलमधून कॅमेरा बाहेर आणला की लेन्सवर बाष्प धरते. लेन्स थंड असते आणि बाहेरची हवा दमट, म्हणून. चालू संगणकाचे उलटे आहे, त्याचा प्रत्येक भाग खोलीपेक्षा गरम असतो, तिथे दव धरत नाही. फक्त बंद मशीन रात्रभर एसीत गार झाली आणि सकाळी खिडक्या उघडून लगेच चालू केली, असे पावसात करू नका, अर्धा तास थांबा. उलट पावसाळ्यात मशीन आठ-आठ दिवस बंद पडून राहणे वाईट. काम नसले तरी दिवसाआड तास-दोन तास चालवा, आतली ओल निघून जाते. किनाऱ्याकडच्या, मांद्रे-कळंगुटच्या वाचकांनी तर हे नक्की करावे, तिथे ओलीबरोबर खारही असतो.

सासऱ्यांना सांगा, मशीन परत करायची गरज नाही. भावाला सांगा, त्याने वाचलेले खरे होते, पण त्याने स्वतः मोजलेले त्याहून मोलाचे होते. त्याच्याच कागदावर उत्तर लिहिलेले होते. रविवारी तो घरी आला की दोघांनी मिळून कूलर काढा. पुन्हा बसवून झाले की तेच चार आकडे नव्याने लिहा, खोली, वॅट, अंश, वेग, खाली तारीख घाला आणि तो कागद कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवा. चवथीला धूळ काढायला उघडाल तेव्हा पुन्हा मोजा. भागाकाराचे उत्तर ०.४५ च्या जवळ असेल तर झाकण लावून मोकळ्या व्हा, ०.६ कडे सरकले असेल तर आधी धूळ आणि मग पेस्ट बघा. आणि तो ठशाचा फोटो पाठवायला विसरू नका.